आमचा माणूस पुढे आहे

रांग या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असं मी नम्रपणे समजतो. शिक्षण बी.कॉम., तेही सेकंड क्लास; पण अनुभव बँकेच्या काउंटरचा, चांगला २२ वर्षांचा. तुम्ही रांगेत उभे राहता तेव्हा तुम्हांला पुढच्या माणसाची पाठ दिसते. मला रांगेचं तोंड दिसतं. पाठीकडून पाहिली तर कुठलीही रांग गरीब आणि सोशिक वाटते. तोंडाकडून पाहिली की कळतं, निम्मी माणसं रांगेत उभी राहायला आलेलीच नसतात. ती संधीची वाट पाहत असतात.

घुसण्याच्याही नाना तऱ्हा आहेत. काही जण ‘फक्त विचारायचंय’ म्हणत खिडकीशी येतात. विचारता विचारता स्लिप आत सरकवतात, स्लिपमागून नोटा सरकवतात, आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांचं काम झालेलं असतं. काही जण ‘साहेब, पेन आहे का?’ इथून सुरुवात करतात. एक गृहस्थ तर वर्षानुवर्षं बोटात किल्ली फिरवत ‘गाडी रस्त्यातच लावलीय हो’ म्हणून पुढे यायचे. पुढे कळलं की त्यांच्याकडे गाडीच नाही, किल्ली कपाटाची होती. पण या सर्वांत थोर वाक्य एकच : ‘आमचा माणूस पुढे आहे.’ या वाक्यापुढे भल्याभल्या रांगा दुभंगतात. हा पुढे असलेला माणूस कोण, कुठला, दिसायला कसा, हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. तो निर्गुण निराकार आहे. त्याचं नाव घेऊन लोक पुढे जातात आणि पुढे गेले की स्वतःच तो माणूस होतात. वेदान्तात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. कॉमर्सला तो पेपर नव्हता.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १०००च्या नोटा बंद झाल्या, ९ला बँका बंद राहिल्या आणि १०ला उघडल्या. त्या दिवसांत मी रांगेची सगळी रूपं पाहिली. पहाटे शटरसमोर माणसांऐवजी चपला उभ्या असत. रॉकेलच्या रांगेत डबे ठेवायची आपली जुनी वहिवाट. तिची ही पुढची पायरी. एकाने तर नुसती वीट ठेवली होती. पंढरपुरात विटेवर देव उभा आहे. आमच्या शाखेबाहेर देवाचा पत्ता नाही, नुसती वीट उभी. आणि सांगायची गोष्ट म्हणजे त्या विटेला कोणी हलवलं नाही! सकाळी नऊला विटेचे मालक आले, ते मात्र ‘मी विटेचा’ म्हणताच मार खाता खाता वाचले.

अशा वेळी मी काचेमागून कडाडतो. ‘ओ काका, रांगेत या! तुम्ही, तुम्ही, निळा शर्ट!’ माझा आवाज तेव्हा ऐकण्यासारखा असतो. मात्र हे शौर्य काचेच्या आतलं. संध्याकाळी काच ओलांडून बाहेर आलो की त्याच गावात मी पुन्हा साधा माणूस होतो. भाजीवाली माझ्या आधी तिघांना मेथी देते, न्हावी ‘बसा साहेब, दोनच मिनिटं’ म्हणून माझ्यामागून आलेल्याची दाढी सुरू करतो, आणि मी गप्प बसून जुना दिवाळी अंक चाळतो. आमच्या घरात ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. फक्त कन्येला माहीत नव्हती. ती लहानपणी एकदा शाखेत आली होती आणि तिने मला काचेमागून कडाडताना पाहिलं होतं.

आता मूळ मुद्दा. गेल्या मे महिन्यात पोरांनी हट्ट धरला म्हणून आम्ही एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो. उद्यानाचं नाव सांगत नाही. उगाच कोणाचं तरी आमच्याकडे खातं निघायचं. माझ्या लहानपणी असली हौस म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली निघालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे दोनेक वर्षांनी वडिलांनी होडीतून नेलं, तेव्हा होडीत शिरतानाच त्यांनी चार रुमाल चार जागांवर टाकले. वडील एस.टी.च्या पिढीतले. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा कायदा त्यांना सातबाऱ्यापेक्षा पक्का वाटे. रुमाल संपले तर ते टोपी टाकत, टोपी संपली तर मला. पण पाळण्यांच्या रांगेत रुमाल टाकायचा कुठे, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. दिवसभर ते रुमाल हातात धरून हिंडले.

आमच्या उद्यानात मुख्य आकर्षण होतं ते लोखंडी रुळांवरून उलटीसुलटी होणारी गाडी. कन्या चौदा वर्षांची, तिला त्यातच बसायचं होतं. चिरंजीव उंची मोजायच्या पट्टीखाली दोन बोटं कमी भरले, म्हणून त्यांना घेऊन सौभाग्यवती आगगाडीकडे गेली. कन्या आणि मी रांगेत लागलो. ही रांग सरळ नसते. लोखंडी कठड्यांतून ती शेवयांच्या यंत्रासारखी वळत जाते. त्यामुळे दर पाच मिनिटांनी तोच माणूस समोरून येतो. पहिल्या वळणावर आपण त्याच्याकडे पाहत नाही, दुसऱ्या वळणावर हसतो, तिसऱ्यावर ‘उकडतंय, नाही?’ होतं, आणि पाचव्या वळणावर त्याच्या साडूच्या मूळव्याधीपर्यंत सगळी माहिती झालेली असते.

सगळेच काही असे सज्जन नव्हते. एक जण फोनवर मोठ्याने गाणी लावून आख्ख्या रांगेचं मनोरंजन करत होता. एक कुटुंब कठड्यावर चढून बसलं होतं आणि वेफर्सची रिकामी पाकिटं खालच्या रांगेत सोडत होतं. पण माझं लक्ष होतं गाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलाकडे. असेल वीस-बावीस वर्षांचा. गळ्यात शिट्टी, छातीवर नावाची पट्टी. त्याचं काम म्हणजे उंची मोजणं, पट्टे ओढून पाहणं आणि शिव्या खाणं. एका गृहस्थांचा मुलगा पट्टीत बसेना. ‘बूट घालून मोज,’ ते म्हणाले. त्याने बूट घालून मोजलं. ‘केस धर वर,’ ते म्हणाले. त्याने केस धरले नाहीत, तेव्हा गृहस्थ म्हणाले, ‘तिकिटाचे पैसे घेताना नाही मोजलंस ते? तुझ्या पगाराएवढा माझा एका दिवसाचा पेट्रोलचा खर्च आहे!’ मुलगा हसला. ते हसू मी ओळखलं. ‘सर्व्हर डाउन आहे’ असं सांगताना माझ्या तोंडावर असतं ना, तेच. ते बँकेत शिकवत नाहीत, आपोआप येतं. दाढदुखीत येतं तसं.

तेवढ्यात मागे गलका झाला. पाहतो तो आमची सौभाग्यवती पाण्याची बाटली घेऊन कठड्यांमधून येतेय, कडेवर चिरंजीव, आणि दर दोन माणसांमागे म्हणतेय, ‘जरा जाऊ द्या हो, आमचा माणूस पुढे आहे!’

वाचकहो, २२ वर्षं ज्या निराकार माणसाला मी शोधत होतो, तो मीच निघालो.

ती बाटली देऊन आल्या पावली परत गेलीसुद्धा. पण मागची मंडळी काही हिशेब ठेवत बसत नाहीत. माणूस पुढे गेलेला सर्वांना दिसतो, परतलेला कोणाला दिसत नाही. ‘बँकेवाल्यांचं असंच,’ असं कोणीतरी म्हणालंदेखील. मी बँकेत आहे हे मीच त्यांना तिसऱ्या वळणावर सांगितलं होतं.

आणि मग ते झालं. कठड्याखालून वाकून चार जण आत शिरले. बरोबर आमच्या पुढे. पुढारी गृहस्थ पिवळ्या टी-शर्टातले, डोळ्यांवर गॉगल, आमच्याकडे पाठ. शिरले ते अशा थाटात, की जणू आम्हीच त्यांच्या दिवाणखान्यात उभे आहोत.

कन्येने माझ्याकडे पाहिलं. ‘बाबा, तू काही बोलणार नाहीस?’

मी हिशेब करत होतो. अडचणीत सापडलो की मी हिशेब करतो. गाडीत २० माणसं, दर ३ मिनिटांनी एक गाडी. आमच्यापासून मागे दहा वळणं, दर वळणाला साधारण ३० डोकी, म्हणजे ३०० माणसं. शेवटच्या माणसाला ४५ मिनिटं लागणार. ही चौघं रीतसर शेवटी उभी राहिली असती, तर त्यांना प्रत्येकी ४५ मिनिटं लागली असती. घुसल्यामुळे चौघांची मिळून १८० मिनिटं वाचली. इकडे आम्हा ३०० जणांना प्रत्येकी चार जागांचा, म्हणजे ३६ सेकंदांचा उशीर. ३०० गुणिले ३६ सेकंद, झाली १८० मिनिटं! जमा आणि नावे, दोन्ही बाजू पैशापैशाने जुळल्या. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या साधूने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली, त्यालाही हा ताळेबंद पाहून समाधान वाटलं असतं. मलाही क्षणभर वाटलं. एकट्या माझे किती गेले? छत्तीस सेकंद. एवढ्यासाठी कोण तोंड उघडतो? पण खातं माझं, आणि स्लिपवर सही माझी नाही. बँकेत अशी एक नोंद सापडली तर चौकशी लागते.

आम्हांला एकदा ग्राहकसेवेच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे एका प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला होता. जेवणानंतरचं व्याख्यान असूनही मी जागा होतो. मिलग्रॅमने आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या १२९ रांगांत मुद्दाम घुसवलं. एकटा घुसला तर जेमतेम निम्म्या रांगांत कोणीतरी कुरकुरलं. दोघे घुसले तर दहापैकी नऊ रांगांत. अंगाला हात लावून बाहेर काढण्याचा प्रकार दहातल्या एकाच रांगेत. आणि घुसणाऱ्याच्या लगेच मागे आपलाच माणूस उभा करून त्याला गप्प ठेवलं, की मागच्यांचाही आवाज बसायचा. म्हणजे सगळी मदार घुसलेल्याच्या पाठीमागच्या पहिल्या माणसावर. इथे तो पहिला माणूस मी होतो. प्राध्यापकांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत टिपूनसुद्धा घेतलं होतं.

मी घसा खाकरला. तोंड उघडलं. आणि २२ वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, ‘तुमचा टोकन नंबर काय?’

चमत्कार म्हणजे पिवळ्या टी-शर्टवाल्याने खिसा चाचपला! मग वळून गॉगल काढला.

‘अरे! साहेब, तुम्ही!’

आमच्या शाखेचे मिठाईवाले शेठ. चालू खातं, दर सोमवारी शनिवार-रविवारच्या गल्ल्याची रोकड. ही रोकड रांगेतून कधीच येत नाही. बाजूच्या दाराने शिपायाच्या हातून पिशवी आत येते आणि रांगेतल्या दोन माणसांच्या मधल्या फटीत मी ती मोजून घेतो. दिवाळीला सर्व स्टाफला काजूकतली येते. कन्येला ती फार आवडते.

शेठनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मागच्या रांगेकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाले, ‘हे आमचे बँकेचे साहेब! आमचा माणूस पुढे आहे म्हणून सांगत होतो ना?’

एका तासात दुसऱ्यांदा मी आमचा माणूस झालो. मागचे ३०० लोक माझ्याकडे पाहायला लागले.

‘बाबा, हे तुझ्या ओळखीचे आहेत?’ कन्येने विचारलं.

‘शेठ, मी तुमचा माणूस बँकेत. इथे मागून या,’ असं मी ताडकन म्हणालो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, ‘हें हें.’

मग कन्या बोलली. आवाज चढवला नाही, काही नाही. ‘काका, रांग तिकडून सुरू होते.’

‘चलाख आहे हो पोरगी!’ शेठ हसले, पण हलले नाहीत. मात्र पहिल्या माणसाचं तोंड उघडलेलं पाहून मागच्या तिसऱ्या माणसाचं उघडलं, साडूच्या मूळव्याधीवाल्यांनी वरची पट्टी लावली, फोनवर गाणी लावणाऱ्याने गाणं बंद करून ‘ए पीला टी-शर्ट!’ अशी हाळी दिली, आणि कठड्यावर बसलेलं कुटुंब तर न्यायासाठी एकदिलाने उतरून खाली आलं. मिलग्रॅम जिंकला. शिट्टीवाला मुलगा धावत आला. ‘सर, प्लीज, मागून या.’

शेठ त्याच्यावर घसरले. ‘तू कोण रे मला सांगणारा? बोलाव तुझ्या मॅनेजरला! कंप्लेंट करतो तुझी!’ मुलगा तसंच हसला. दाढदुखीचं.

‘शेठ, त्याचं ते काम आहे हो,’ मी म्हणालो. एवढंच. पण ते काचेमागच्या आवाजात निघालं. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की चेक परत गेल्यावरही त्यांनी तसं पाहिलं नव्हतं. मग चौघेही कठड्याखालून वाकून बाहेर पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कन्येसाठी होत्या.

आम्ही दोन वळणं पुढे सरकलो असू. शेजारच्या मोकळ्या पट्ट्यातून चार जण आरामात चालत आले. शेठ आणि मंडळी! मनगटांवर जादा पैसे भरून मिळणारे रंगीत पट्टे. जाता जाता शेठनी हात हलवला आणि पुढच्याच गाडीत बसले.

मी पुन्हा हिशेब केला. पुढची चार माणसं, मागची तीच माणसं, प्रत्येकी तेच ३६ सेकंद. फक्त या वेळी पावती होती. सेकंद आमच्या खात्यातून निघाले आणि पैसे उद्यानाच्या खात्यात जमा झाले. यात उद्यानाला तरी काय म्हणावं? अमेरिकेत डिस्नेने १९९९ साली अशी जलद रांग काढली ती फुकट. पुढे ती बंद करून २०२१ साली आणली ती पैसे मोजून. तिकडच्या कित्येक उद्यानांच्या नियमांत रांग मोडणाऱ्याला सरळ फाटकाबाहेर काढायची तरतूद आहे. म्हणजे तीच रांग वाकून ओलांडली तर गुन्हेगार आणि पट्टा बांधून ओलांडली तर मानाचे पाहुणे. आणि अमेरिकेला तरी कशाला बोला? तिरुपतीला ३०० रुपयांची वेगळी रांग आहे, आणि त्या रांगेतून मी स्वतः दर्शन घेऊन आलोय. देवाने कपाळाला आठी घातल्याचं दिसलं नाही, पण देव तिथे डोळे झाकूनच उभा आहे.

‘बाबा, आपण का नाही घेतले ते पट्टे?’ कन्येने विचारलं. मी किंमत सांगितली. तिने पुन्हा विचारलं नाही. बी.कॉम.ची मुलगी आहे.

गाडीचं काय सांगू? दोन मिनिटं. त्यातलं दीड मिनिट माझे डोळे मिटलेले होते. उतरल्यावर शिट्टीवाल्या मुलाला मी ‘थँक यू’ म्हणालो, तर तो दचकला. त्याला वाटलं, तक्रार आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत कन्येने आईला सगळी हकिगत सांगितली. माझा भाग आला तेव्हा तिने फक्त ‘हें हें’ एवढं करून दाखवलं. इतकं हुबेहूब, की चिरंजीवांनी ते पाठ केलं आणि घर येईपर्यंत दर पाच मिनिटांनी करून दाखवलं. सौभाग्यवती खिडकीतून बाहेर पाहत होती. तिला हसू येत होतं, हे मला पाठीवरून कळत होतं. पाठीवरूनही काही गोष्टी कळतात.

सोमवार उजाडला. साडेदहाला बाजूच्या दाराशी शेठची पिशवी आली, मागोमाग शेठही. शिपायाने नेहमीप्रमाणे पिशवीला हात घातला. समोर रांगेत वीसेक माणसं. मी काचेमागे होतो, म्हणजे आवाज होता.

‘शेठ, टोकन घ्या.’

शाखेत एकदम शांतता पसरली. पंख्याचा आवाज ऐकू आला. शेठनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं, मग कोण जाणे काय वाटलं, हसले, यंत्रापाशी गेले आणि टोकन घेतलं. ४७ नंबर. बाकावर जाऊन, मांडीवर पिशवी घेऊन, शाळेतल्या मुलासारखे बसले. शेजारी पासबुक घेऊन एक आजी बसल्या होत्या. शेठनी त्यांना जरा सरकून जागासुद्धा दिली. मला वाटलं, कन्येला फोन करावा.

तेवढ्यात टेबलावरचाच फोन वाजला. केबिनमधून मॅनेजरसाहेब. ‘अहो, शेठ बाहेर का बसलेत? आत पाठवा त्यांना. आणि चहा सांगा.’

शेठ उठले. जाताना माझ्या खिडकीशी थांबून म्हणाले, ‘साहेब, आमचा माणूस पुढे आहे.’ यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. पिशवी केबिनमधून आली, ती मी मोजली. वेळ लागला साडेसात मिनिटं. त्या वेळी रांगेत १९ माणसं होती. पुढचा गुणाकार मी केला नाही.

४६ झाला. मी ४७ पुकारला. कोणी आलं नाही. पुन्हा पुकारला, नियमाप्रमाणे तीनदा. मग ४८. बाकावरच्या आजी काठी टेकत टेकत खिडकीशी आल्या, पासबुक आत सरकवलं आणि समाधानाने म्हणाल्या,

‘आज लवकर लागला हो नंबर!’